शेवटचं शून्य सोडून

जिरोकास्तरच्या बाजारात टोमॅटोचा भाव विचारला की भाजीवाल्या बाई सहज सांगतात, "हजार." टोमॅटो उत्तम असतात, उन्हात पिकलेले, देठाला वास असलेले. पण हजार लेक किलो? आपण मुकाट्याने पिशवीची घडी घालायला लागतो आणि बाई आपल्याकडे पाहतात, की घ्यायचे नव्हते तर भाव कशाला विचारला. त्यांना शंभरच हवे असतात.

१९६५ साली अल्बेनियाच्या सरकारने चलनातलं एक शून्य काढून टाकलं. जुने दहा लेक म्हणजे नवा एक लेक. नोटा बदलल्या, पुढे राजवट बदलली, ज्यांच्या कारकिर्दीत शून्य गेलं त्या एन्वर होजांचा तिरानामधला पुतळाही १९९१ साली लोकांनी खाली ओढला. शून्य मात्र लोकांनी सोडलं नाही. भाव सांगताना ते अजून लावतात. साठ वर्षांपूर्वीच्या नोटा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी लावलं तर समजू शकतं, पण कोपऱ्यावरच्या दुकानातला विशीचा मुलगाही लावतो. पावतीवर छापलेला आकडा नवा, तोंडातून आलेला जुना, असा साधारण नियम. त्यातही बाजारातली काही मंडळी परदेशी चेहरा पाहून नव्या लेकमध्ये बोलतात. म्हणजे समोरच्याने तीनशे म्हटलं तर ते तीनशे की तीस, हे त्याच्या चेहऱ्यावरून, मालाच्या वजनावरून आणि आपल्या नशिबावरून ठरवायचं.

युरोपियन लोकांना याचा फार त्रास होतो. मला झाला नाही. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि माझी आजी शेवटपर्यंत बारा आण्यांतच बोलली. पावली, अधेली हे शब्द ती अशा सुरात वापरायची, की सरकारचा निर्णय तिला कुणी अजून कळवलाच नसावा. शिवाय भाव ऐकल्याबरोबर "काहीतरीच!" असा चेहरा करणं हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. जुने लेक असोत की नवे, मी सगळ्यालाच तो चेहरा करते. जुने असतील तर बाई हसून शून्य काढतात, नवे असतील तर कधीकधी दोन टोमॅटो वर टाकतात.

जिरोकास्तर आहे अल्बेनियाच्या दक्षिणेला, ग्रीसच्या काकाविया नाक्यापासून गाडीने अर्ध्या तासावर. द्रिनो नदीच्या खोऱ्यावर डोंगराच्या उतारावर चढत गेलेली दगडी घरं, त्यांच्यावर दगडी फरशांची छपरं, आणि सगळ्यांच्या वर किल्ला. १९६१ साली याला 'संग्रहालय-नगर' ठरवलं गेलं, २००५ साली युनेस्कोच्या यादीत नाव आलं. एन्वर होजा (जन्म १९०८) आणि कादंबरीकार इस्माईल कादारे (जन्म १९३६) हे दोघेही इथल्याच पालोर्तो आळीतले. एकाने चाळीस वर्षं देशाला कुलूप लावून ठेवलं, दुसऱ्याने त्याच देशात बसून जगभर वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्या लिहिल्या. दोघांच्याही घरांची आता संग्रहालयं झाली आहेत. मला वाटतं, आळीला स्वतःचा असा काही आग्रह नसावा.

आम्ही इथे आलो ते स्वस्ताई ऐकून. नवरा एका डच कंपनीचं काम घरी बसून करतो, पगार युरोत. मी पुण्यातल्या एका प्रकाशनाची प्रुफं तपासते, मोबदला रुपयांत आणि पानामागे. आता गंमत पाहा. सध्या एका युरोला साधारण शंभर लेक मिळतात. एका युरोला साधारण शंभर रुपयेही होतात. म्हणजे लेक आणि रुपया जवळजवळ सारखेच. हिशेबाला सोपं, असं आधी वाटलं. पण ऐंशी लेकची कॉफी नवऱ्याला ऐंशी सेंटला पडते, म्हणजे ॲमस्टरडॅमच्या मानाने फुकट. मला ती ऐंशी रुपयांना पडते आणि ती आहे घोटभर. एकाच टेबलावर, एकाच यंत्रातून आलेली कॉफी त्याला स्वस्त लागते आणि मला कडू. मी तिची किंमत पानांत मोजते. अमुक इतके ऱ्हस्व-दीर्घ, तमुक इतके अनुस्वार, एक घोट.

"अगं, एवढ्यात तिकडे ग्लासभर पाणी नाही मिळत!" तो म्हणतो.

पाणी इथे कॉफीबरोबर फुकट मिळतं. मी ते पूर्ण पिते.

जुन्या बाजारात, चार रस्ते मिळतात त्या चढावर, आम्हा परदेशी मंडळींचा एक ठरलेला कॅफे आहे. एक अमेरिकन निवृत्त जोडपं. गाडीतच घर करून फिरणारा एक जर्मन, हिवाळ्यापुरता थांबलेला. एक इंग्रज, जो 'इतक्या कमी पैशांत कसं जगावं' याचे व्हिडिओ करतो आणि त्यावर जगतो. अमेरिकन माणसाला अल्बेनियात व्हिसाशिवाय वर्षभर राहता येतं. वर किल्ल्यात एक अमेरिकन लष्करी विमान ठेवलेलं आहे; १९५७ साली ते अल्बेनियात उतरवलं गेलं आणि सरकारने हेरगिरीचा पुरावा म्हणून मांडलं. त्या काळी एक अमेरिकन आला तर देशभर गवगवा झाला, आता आलेला परत जाईना तरी कुणी विचारत नाही. आम्हाला मात्र परवान्यासाठी कागदांची चळत लागली, जन्मदाखल्यापासून भाडेकरारापर्यंत, आणि प्रत्येक कागदाला नोटरी.

तर या टेबलावर रोज एक उलटा लिलाव चालतो. सुरुवात कोणीतरी करतं: "आम्हा दोघांचं महिन्याला हजार युरोत भागतं." लगेच दुसरा उतरतो, "मला एकट्याला सहाशे." "साडेपाचशे. त्यात इंटरनेट." जर्मन म्हणतो, त्याला भाडंच नाही. मग सगळे डिझेल धरायचं की नाही यावर भांडतात. शेवटी इंग्रज कॉफीचा कप खाली ठेवतो आणि हातोडा मारल्यासारखा म्हणतो, "चारशे पन्नास." सगळे गप्प होतात. कुणी त्याला विचारत नाही, की बाबा, जेवतोस का.

हा लिलाव चालू असताना आमचा वेटर टेबल पुसत असतो. शिकलेला, चुणचुणीत मुलगा, इंग्रजी आमच्यापेक्षा स्वच्छ, वर घरच्या दूरदर्शनवर पाहून आलेलं इटालियन. २०२३ साली या देशातलं किमान वेतन महिन्याला ४०,००० लेक झालं. म्हणजे चारशे युरो. इंग्रज ज्या आकड्यावर त्याग केल्याचा चेहरा करतो, त्या आकड्याकडे खालून पाहत हा मुलगा राख झटकतो आणि विचारतो, "आणखी काही आणू?" एकदा इंग्रजाने त्यालाच पंच केलं. "तूच सांग, या गावात चारशे पन्नासात चैनीत राहता येतं की नाही?" मुलाने क्षणभर विचार केला आणि अदबीने म्हणाला, "कल्पना नाही. मला अजून तशी संधी आली नाही."

२०२३ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या २४ लाख भरली. २०११ साली ती २८ लाख होती. गेलेले लोक कुठे आहेत हे विचारावं लागत नाही. प्रत्येक घरातून एक अथेन्सला, एक मिलानला, एक जर्मनीत. हे इथून पैसा मिळवायला बाहेर जातात आणि आम्ही पैसा वाचवायला आत येतो. काकावियाच्या नाक्यावर दोन्ही रांगा शेजारीशेजारी उभ्या असतात आणि दोघांनाही समोरच्याची दिशा चुकीची वाटते.

घराचं सांगते. जिरोकास्तरच्या जुन्या घरांत हिवाळ्याचा मजला वेगळा आणि उन्हाळ्याचा वेगळा. खाली जाड भिंती, लहान खिडक्या, चूल. वर मोठ्या खिडक्या, लाकडी छत, सगळीकडून वारा. पाहुण्यांची खोलीही वरच, सर्वांत देखणी, कोरीव कामाची. आम्हाला महिना अडीचशे युरोत जे घर मिळालं, आणि ज्याची नवऱ्याने सगळ्यांना फोन करून वर्दी दिली, तो उन्हाळ्याचा मजला होता. जाहिरातीत 'हवेशीर' लिहिलं होतं आणि त्यात काही खोटं नव्हतं. खालच्या, हिवाळ्याच्या मजल्यावर घरमालकीण आजी राहतात. ऐंशीच्या घरातल्या, काळ्या कपड्यांतल्या, गुडघे माझ्यापेक्षा चांगले.

डिसेंबरात त्या खिडक्यांतून सगळं खोरं दिसतं आणि खोऱ्यातलं धुकं आत येतं. वीज इथली बहुतेक धरणांची. हीटर लावला तर बिल मीटरपेक्षा नवऱ्याच्या तोंडावर आधी उमटतं. लाकूड स्वस्त. पण लाकडाची गाडी आळीच्या पायथ्याशी थांबते, कारण वर गाडी चढत नाही. तिथून वर आणायची मजुरी वेगळी, रचून द्यायची वेगळी, आणि रचणाऱ्याला कॉफी आणि राकी, म्हणजे इथली दारू, द्यायची रीत. शेवटी आम्ही गादी उचलून स्वयंपाकघरात आणली. इतक्या सुंदर कोरीव छताच्या खोलीत आता मी कपडे वाळत घालते. युनेस्कोला कुणी कळवू नये.

चढ हा या गावातला न दिसणारा खर्च. रस्ते काळ्या-पांढऱ्या दगडांचे, नक्षी घातलेले, फोटोला अप्रतिम. पाऊस पडला की ते काचेइतके गुळगुळीत होतात, आणि इथे पाऊस कोकणाला लाजवेल असा पडतो, फक्त थंडीत. स्थानिक बायका दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, उंच टाचांवर, गप्पा मारत उतरतात. मी भिंतीला धरून रामरक्षा म्हणत उतरते. भाजीत वाचलेले पैसे बुटांच्या तळव्यांत जातात, तळव्यांतून उरलेले गुडघ्याच्या मलमात.

एका बाबतीत मात्र मी सगळ्या परदेशी मंडळींच्या वरचढ निघाले, ती म्हणजे पाणी. पाणी इथे ठरावीक वेळ येतं. प्रत्येक घराला गच्चीवर नाहीतर अंगणात टाकी. ऑटोमन सुभेदार अली पाशाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा-बारा किलोमीटरवरून डोंगरातलं पाणी थेट किल्ल्यात आणणारा दगडी पाणपूल बांधला होता. पुढे झोग राजाच्या काळात तो पाडला आणि त्याचा दगड किल्ल्यातल्या तुरुंगाच्या कामाला लावला. पाणीपुरवठा मोडून तुरुंग वाढवणं ही योजना कुठल्याही नगरपालिकेला सुचण्यासारखी आहे, म्हणून नाव घेऊन सांगितलं. दुनावात आळीच्या वरच्या अंगाला त्या पुलाचा एक तुकडा अजून उभा आहे. लोक तिथे फोटो काढतात आणि घरी जाऊन नळ उघडून पाहतात.

अमेरिकन जोडप्याला नळ कोरडा म्हणजे देश कोसळला असं वाटायचं. मी पुण्यात पेठेत वाढलेली. नळातून आधी हवेचा सुस्कारा येतो, मग दोनदा खोकला, मग धार. हे मला झोपेत कळतं. पहाटे पाच वाजता तो सुस्कारा ऐकून मी उठते, टाकी पाहते, पिंप भरते, आणि वरच्या आळीतल्या अमेरिकन बाईंना निरोप पाठवते. त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा समज होता, की मी पाण्याच्या खात्यात कुणाला तरी ओळखते. घरमालकीण आजींना मात्र लगेच कळलं. त्यांनी मला तळघरात नेऊन दगडी हौद दाखवला. या जुन्या घरांत छपरावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून त्या हौदात उतरतं आणि वर्षभर पुरतं. मी वाकून पाहिलं आणि म्हटलं, "किती भरतं?" आजींनी समाधानाने मान डोलावली. इतकी वर्षं भाडेकरू आले, हौदाचा फोटो काढून गेले. पाणी किती हे विचारणारी मीच पहिली.

त्या दिवसापासून वाटीचा व्यवहार सुरू झाला.

आधी आजींनी ग्लिको पाठवलं. कोवळे हिरवे अक्रोड पाकात मुरवलेले, काळेभोर. दारात आलेल्या माणसाला बशीत एक चमचा ग्लिको आणि बरोबर पेलाभर गार पाणी द्यायचं, ही इथली जुनी रीत. गूळ-पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, मला डोळ्यांत पाणीच आलं. मग किफ्की आले. तांदूळ, अंडं आणि पुदिना यांचे तळलेले गोळे, खास याच गावचे. दुसऱ्या गावातल्या अल्बेनियन लोकांनाही इथे येऊन खावे लागतात. वाटी घासली, पुसली, आणि इथेच प्रश्न उभा राहिला. रिकामी वाटी परत द्यायची नाही.

मी शिरा घातला. रवा ग्रीसमधल्या यानिनाहून आणलेला, वेलची पुण्याची. आजींनी वाटी ठेवून घेतली आणि दोन दिवसांनी तीच वाटी पालकाचा ब्युरेक घालून परत आली. कारण रिकामं भांडं परत न देण्याचा नियम त्यांचाही आहे. मी ब्युरेक खाल्ला आणि थालीपीठं लावली. त्यांनी ती खाल्ली आणि वाटीऐवजी आता पातेलं आलं. ही वाटी आता कायम हवेत आहे. दोन्ही घरांत कुणालाच ती घासून फळीवर ठेवता येत नाही. मध्ये मी आजारी होते, तेव्हा आजींनी वाटीची वाट न पाहता दुसरी वाटी पाठवली. म्हणजे आता दोन.

थालीपिठाची भाजणी आई पुण्याहून पाठवते. भाजणी दोन किलो, कुरिअरचा खर्च तिच्या कितीतरी पट. आईला मी तो आकडा सांगत नाही, आणि सांगितला तर जुन्या लेकमध्ये आहे असं म्हणते. नवऱ्याने सगळ्या खर्चाचा एक्सेल तक्ता केलेला आहे. त्यात किफ्की 'फुकट' या रकान्यात आहेत. त्या फुकट किफ्कींमागे यानिनाचा रवा, तुपाचा डबा आणि कुरिअर धरला, तर चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसालाही परवडला म्हणायचा. पण तक्त्यात तो मसाला 'इतर' मध्ये बसतो, आणि लिलावाच्या टेबलावर 'इतर' कुणी वाचून दाखवत नाही.

राकीचंही तसंच. विकत घ्यायची गरज पडत नाही. जो भेटतो तो आपल्या घरची देतो, आणि देतो ती पाण्याच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटलीत. आमच्या फ्रिजमध्ये दिसायला सारख्या सहा बाटल्या आहेत. जावयाच्या घरी राहायला आलेल्या माझ्या वडिलांना एकदा रात्री तहान लागली. त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की इथलं पाणी पचायला हलकं आहे.

इंग्रजाच्या मनात घर विकत घ्यायचं आहे. वरच्या आळीत एक जुना वाडा आहे, छप्पर एका बाजूने बसलेलं, दारात अंजिराचं झाड उगवलेलं. किंमत ऐकाल तर हसाल, तो म्हणतो, कोथरूडमध्ये या पैशांत पार्किंग येतं. (कोथरूड त्याला माझ्या नवऱ्याने शिकवलं.) मी विचारलं, मालक कोण? तो म्हणाला, तेच शोधतोय. मूळ मालक गेले. त्यांना पाच मुलं. त्यांतली दोन अथेन्सला, एक मिलानला, एक अमेरिकेत, एक इथेच पण चौथ्याशी बोलत नाही. नातवंडं धरून सह्या लागणार चौदा. त्यांतल्या एकीला वाडा विकायचा नाही, एकाला जास्त हवेत आणि एकजण सापडत नाही. इंग्रजाला ही अल्बेनियाची खास गुंतागुंत वाटते आणि तो त्यावर व्हिडिओ करणार आहे. मी त्याला म्हटलं, माझ्याकडे वाईजवळच्या अर्ध्या गुंठ्याचा सातबारा आहे, तो पाहून मग कर.

समजा, सगळ्या सह्या मिळाल्या. मग छप्पर. संरक्षित घर, म्हणजे छप्पर दगडीच हवं. पत्रा चालत नाही, कौल चालत नाही. दगडी फरशा रचणारे कारागीर थोडे उरलेत, कारण त्यांचीही मुलं अथेन्सला काँक्रीट ओततात. वाड्याच्या किमतीत छप्पर होत नाही. म्हणून गावात इतकी देखणी घरं हळूहळू आत कोसळतात आणि बाहेरून पर्यटक म्हणतात, काय तो जुनेपणा.

आजींना आमच्या बचतीविषयी मोठं कुतूहल. एवढं वाचवून करता काय? नवऱ्याने एकदा हुरूप येऊन त्यांना म्युच्युअल फंड समजावला. म्हणजे दर महिन्याला थोडे टाकायचे, ते आपोआप वाढतात. आजींचा हात ग्लासावर थांबला. त्यांनी विचारलं, महिन्याला किती टक्के? नवरा म्हणाला, महिन्याला नाही हो, वर्षाला. आजींनी तरीही राकीची बाटली त्याच्यापुढून उचलून आत ठेवली.

त्यांचं बरोबर होतं. १९९६ साली या देशात चिटफंडासारख्या योजनांचं पीक आलं होतं. महिन्याला आठ टक्के, मग दहा, मग तीस. लोकांनी घरं विकली, शेतकऱ्यांनी गुरं विकली. नाणेनिधीच्या अभ्यासानुसार लोकसंख्येच्या जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांचे पैसे त्यांत होते आणि कंपन्यांची देणी देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या घरात गेली होती. १९९७ उजाडता उजाडता त्या एकेक करून कोसळल्या. दक्षिणेत उठाव झाला, शस्त्रागारं लुटली गेली, सुमारे दोन हजार माणसं गेली. आजींच्या धाकट्या मुलाने आपली गाडी विकून पैसे टाकले होते. तो मार्चमध्ये डोंगरातून पायी ग्रीसला गेला. हे सगळं त्यांनी मला ब्युरेक लाटता लाटता सांगितलं, पिठाचे पापुद्रे फाटू न देता. मग म्हणाल्या, "पैसा वाढतो म्हणणाऱ्याला घरात घेऊ नये, मुली. तुझा नवरा चांगला आहे, पण त्याच्याकडे लक्ष ठेव."

मी ठेवते.

आणि दिलेले पैसे तरी इथे कुठे घेतात? हा स्वस्ताईतला सर्वांत मोठा अडथळा. गावातल्या माणसाबरोबर कॉफी प्यायला बसलं की बिल देण्यावरून हातघाई होते. पाकीट काढलं तर समोरचा मनगट धरतो. आधी उठून गल्ल्यावर जावं तर मालक घेत नाही, कारण 'त्यांनी डोळ्याने सांगितलं.' बोलण्यात मी भारताची हे कळलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "नेने तेरेसा!" मदर तेरेसा अल्बेनियन कुळातल्या, जन्म १९१० चा स्कोप्येचा, तिरानाच्या विमानतळाला त्यांचंच नाव. आमच्या बाईला तुम्ही कलकत्त्यात जागा दिलीत, मग तुमच्याकडून कॉफीचे पैसे घेणार का आम्ही? आयुष्यात कलकत्त्याला न गेलेली मी, त्या पुण्यावर कितीतरी कॉफ्या प्यायले आहे. पुण्यात राहून जे जमलं नाही ते हे.

परवा कॅफेत लिलाव नव्हता, पावसाने मंडळी घरी होती. आम्ही दोघंच. वेटर कॉफी ठेवून तिथेच रेंगाळला. जर्मनीचे कागद जमवतोय, म्हणाला, भाषेची परीक्षा झाली. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "तुमच्या पुण्यात महिन्याला किती लागतात?"

नवऱ्याला कागद लागत नाही, रुमाल पुरतो. त्याने कागदी रुमालावर लिहायला घेतलं. कोथरूडला दोन खोल्यांचं भाडं तीस हजार. सोसायटीचा मेंटेनन्स. सिलिंडर, वीज, पेट्रोल, दूध, भाजी, कामाच्या मावशी. बेरीज केली आणि रुमाल फिरवून त्याच्यापुढे धरला. रुपये म्हणजे लेकच, रूपांतर करायचं नव्हतं. मुलाने आकडा दोनदा वाचला.

"हे जुने लेक?"

"नवे."

"मग तिथे परदेशातून राहायला कोण येतं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.

तो हसला, कप उचलायला लागला. नवऱ्याने पाकीट काढलं तशी मुलाने मान हलवली. बिल झालं होतं. खिडकीपाशी टोपी घालून वर्तमानपत्र वाचणारे एक म्हातारे मास्तर बसले होते, निवृत्त. त्यांचं पेन्शन किती असेल याचा हिशेब नवऱ्याच्या चेहऱ्यावर चालू झालेला मला दिसला. आम्ही वळून पाहिलं तर त्यांनी छातीवर हात ठेवला आणि पान उलटलं.

नवऱ्याने फोनवर तक्ता उघडला. बराच वेळ बोट अधांतरी.

"हे फुकटमध्ये लिहू ना?"

"खर्चात लिही," मी म्हटलं, "आणि मास्तर राहतात कुठे ते विचार. भाजणी संपत आलीय."